वाडीवहीची सगळ्यात अडलेली वापरकर्ती

चि. कल्पेश, वाडीवहीचे कर्ते-करविते, मुक्काम बंगळूर, यांस कळंबहून आजीचा पोटभर आशीर्वाद.

इथे आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी आणि विहिरीतलं कासव. कासवाला विचारून लिहिलेलं नाही. तुझी तब्येत रविवारच्या फोनवर कळते: 'बरा आहे, तू कशी, जेवलीस का, ठेवतो.' तेवढ्यात माझं तोंड उघडून होतं, शब्द यायचे राहतात. म्हणून हे पत्र. लिहिणारी संपदा, समोर भाड्याने राहते, शाळेत शिकवते, आज तिला सुट्टी. (मी पानी म्हणते, ती पाणी लिहिते. मास्तरीण आहे, दुरुस्त केल्याशिवाय तिचा हात पुढे जात नाही.)

तर गणपतीत आलास तेव्हा तू माझ्या फोनात ती वाडीवही घातलीस. आपण बोलायचं, आज केळींना पाणी दिलं, अळू काढलं, आणि तिने लक्षात ठेवायचं. फुकट आहे, कोणीही उघडून आत बघावं, सुधारावं, असं म्हणालास. मला वाटलं, आपल्या विहिरीसारखीच, झाकण नसलेली. शिवाय ती वापरणाऱ्या अडीचशे माणसांचा फोनवर एक गट, त्यात मलाही ढकललंस. जो अडेल त्याने बोलून विचारायचं, तू बोलून उत्तर द्यायचं. पुढच्याच महिन्यात पाण्याची आठवण करणारी घंटा एकदा वाजली नाही, म्हणून मी विचारलं. तासाभरात तुझा आवाज आला. चार मिनिटं! 'कृष्णाबाई, आपण घाबरू नका, आपण सावकाश सांगा.' मला अहो-जाहो करणारा आपल्या घरातला तू पहिलाच. (तुझे आजोबा पन्नास वर्षांत 'अगं'च्या पुढे गेले नाहीत.) तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आजी म्हणून माझ्या वाट्याला आठवड्याची दोन मिनिटं, आणि वापरकर्ती म्हणून वाटेल त्या दिवशी चार. त्यानंतर मी वरचेवर अडू लागले.

आता माझ्यावरच्या आरोपाकडे येते. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं तर आपल्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चार मिरच्या तरी घालतात. गटातही मी तेच केलं. निर्मळच्या क्लेमेंटीनने विचारलं, फुलं खुडल्याची चुकीची नोंद पुसायची कशी. तू सांगितलंस, ती थँक्यू म्हणाली. आता तिची वाटी मी रिकामी कशी ठेवू? म्हटलं, बाई, राहू दे ती नोंद, मोगऱ्याला काय कळतंय. ती हसली. हसण्याला मी उत्तर दिलं. तिने गुडघ्याचं सांगितलं, मी निर्गुडीचा पाला सांगितला, तिने आभार मानले, मी आभारांचे आभार मानले. मधेच बारामतीकडचे कोणी आत्माराम म्हणाले, 'आजी, तुमच्या आवाजाने माझा फोन भरला.' मी विचारलं, भरला म्हणजे उतू जातो का? त्यांनी बिचाऱ्यांनी समजावून सांगितलं. मग समजावणाऱ्यालाही काही द्यायला नको? त्या दिवशी माझे एकेचाळीस निरोप झाले, मागाहून संपदाने मोजले. नऊ माणसं गट सोडून गेली. पंगतीतून माणसं उठून जावीत आणि वाढणारीला पत्ता नसावा, तसं झालं.

मग तुझी सूचना आली. लेखी होती, संपदाने वाचून दाखवली. सर्व वापरकर्त्यांना नम्र विनंती, महिनाअखेर हा गट बंद होईल, पुढचे प्रश्न नव्या जागी, संकेतस्थळावर, लिहून मांडावेत, आवाजाचे निरोप तिथे घेतले जाणार नाहीत. आणि खाली, तुमच्याशी जोडलेले राहणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. हे शेवटचं मी तिला दोनदा वाचायला लावलं. कल्पेश, अडीचशेंत अक्षर न येणारी मी एकटीच ना रे? की ठरवताना मी तुला आठवलेच नाही? मी रागावलेले नाही. (संपदा, 'रागावलेले' मोठं काढ, 'नाही' बारीक काढ.)

तेव्हापासून गट चिडीचूप आहे. शहाणी माणसं आधीच नव्या जागी गेली. क्लेमेंटीनसुद्धा गेली, ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. संध्याकाळी वही तेवढी विचारते, आज काय काय केलंत? मी सांगते, केळींना पाणी दिलं. ती म्हणते, नोंद झाली. मी थोडा वेळ फोन हातात धरून बसते, पण तिचं बोलणं तिथेच संपतं. तुझ्या हातची आहे, वळण तुझंच.

असो. डबा मागवून खातोस असं ऐकते, भाताला नावं ठेवू नकोस. आयुष्मान हो.

तुझी आजी,
कृष्णाबाई
(सहीच्या जागी अंगठा. शाई नव्हती, हळद लावली.)

ता. क. संपदा म्हणते, खरं ते सांगून टाका. पहिली वेळ सोडली तर ती घंटा कधी बंद पडलेली नाही. बाकीच्या अकरा तक्रारी मी ओट्यावर बसून रचल्या. दोन दिवस खपून तू माझ्या फोनासाठी जी दुरुस्ती पाठवलीस, ते धडधाकट माणसाला पाजलेलं औषध होतं. तुझं काम चोख आहे. त्याचीच तर पंचाईत झाली.

ता. क. दुसरा. नव्या जागी संपदाने माझं नाव घातलं आहे आणि माझा एक प्रश्नही लिहून ठेवला आहे: ज्याला लिहिता येत नाही, त्याने तुमच्याशी बोलायचं कुठून? उत्तर तिथे लिहू नकोस. संपदा परवा पंधरा दिवसांसाठी माहेरी जाते आहे, वाचून दाखवायला कोणी नाही. तोंडाने सांग. इथे येऊन सांगितलंस तर फारच बरं. मला नीट समजायला चार दिवस तरी लागतील.