जरा लागलं

७ जून २००४, सोमवार
उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखुरडं. ठणका असा की कोपरापर्यंत कळ. तरी ठरवलं, कोणाला एक शब्द सांगायचा नाही. पुरुषाचं दुखणं मुकं असतं. फक्त माहितीसाठी बायकोला, चंद्रप्रभाला सांगितलं. शेजारच्या रईसाभाभींना सांगितलं. क्लासच्या दोन्ही बॅचेसना सांगितलं.
संध्याकाळी चंद्रप्रभाला माळ्यावरची गरम पाण्याची पिशवी काढायला लावली. स्टुलावर चढली. धाडकन आवाज आला. मी बाहेरूनच विचारलं, पिशवी फुटली का? म्हणाली, न्हाई, जरा लागलं. पिशवी शाबूत आहे. देवाची कृपा.

८ जून
लिंबात बोट खोवून क्लास घेतला. विषय मज्जासंस्था. उदाहरणादाखल सांगितलं की बायकांचं दुखणं तोंडावाटे बाहेर पडतं, पुरुषांचं आत साचतं. पोरी हसल्या. लिंबामुळे असेल.
जेवताना भाकरी पाहिली. एका अंगाला जाड, एका अंगाला पापड, आकार लातूर जिल्ह्याच्या नकाशाचा. लग्नापासून चांदोबासारखी गोल भाकरी खाल्लेला माणूस मी. हे मुद्दाम आहे. मागं एकदा भाकरीला बाई लावू म्हणाली होती, मी हसण्यावारी नेलं होतं. त्याचा वचपा.
बोट: ठणका दुप्पट.

९ जून
पाळत ठेवली. भाताचं भगुणं डाव्या हातानं उचलते. उजवा हात सारखा पदराखाली. आणि त्या हातातल्या बांगड्या गायब! डाव्या हातात आहेत, उजवा भुंडा. पाटली पण नाही. दुपारी रईसाभाभींशी मागच्या दारात कुजबुज. मी गेलो की दोघी गप्प. पाटली मोडून काहीतरी घेऊन राहिल्या या दोघी.

१० जून
सरळ विचारलं, बांगड्या कुठं आहेत? म्हणाली, घट्ट होऊन राहिल्या म्हणून काढल्या, डब्यात आहेत. डबा तपासला, आहेत. म्हणजे वजन वाढलंय. तूप कमी कर म्हणून सांगितलं. तिनं डाव्या हातानं डबा बंद केला.
कोणी म्हणेल, दुखत असेल. छे! किल्लारीच्या भूकंपात पहाटे हिच्या खांद्यावर फडताळ पडलं. तेव्हाही 'जरा लागलं' म्हणाली आणि आमच्या तान्ह्या मिहिरला कडेवर घेऊन बाहेर आली. मी आधीच बाहेर होतो, रस्ता मोकळा ठेवायला. मुद्दा असा की बायकांना मुळात दुखतच कमी. निसर्गाची योजना.

११ जून
सहन होईना. डॉ. वीरभद्र यांच्याकडे गेलो. छत्री धरायला चंद्रप्रभा. डॉक्टरांनी बोट बघितलं न बघितलं, म्हणाले आपोआप फुटेल, ते लिंबू फेका. मग माझं सोडून हिलाच विचारू लागले, वहिनी, हाताला काय झालं? हिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, तिला काही नाही, जरा लागलंय. आणि विषय परत बोटावर आणला. एका फीमध्ये दोन पेशंट बघायची यांना हौस फार.

१३ जून
भाकरी गोल! पातळ, पदर सुटलेली. काल रात्री मी नकाशावरून एक खोचक वाक्य टाकलं होतं. घरात धाक पाहिजे तो असा.

१५ जून
धाक नव्हे, दगा! रईसाभाभी मागच्या दारानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी देऊन गेल्या. फडक्यातून वाफ. भाकऱ्या! म्हणजे ही बसून राहणार, गल्ली राबणार, आणि मी फसणार. उद्या रंगेहाथ पकडायचं. भाषण तयार आहे, मुद्दे सहा.

१६ जून
पकडलं. तिसऱ्या मुद्द्यावर होतो. रईसाभाभींनी पुढं होऊन चंद्रप्रभाचा पदर बाजूला केला. मनगट वांग्यासारखं, रंगानं पण. बोटं सुजलेली. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, तुमचं बोट दुखतंय ते अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय. हिचा हात मोडला, ते घरात न्हाई ठाऊक."
मी चंद्रप्रभाला म्हणालो, सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं की त्याच दिवशी, जरा लागलं म्हणून. आणि घरात एका वेळी एकच आजारी चालतं, नंबर तुमचा लागला होता.
पुढचे तीन मुद्दे राहिले.

१७ जून
एक्स-रे. हाड मोडलेलं, आणि वाकडं जुळू लागलेलं. भूल देऊन ओढून परत बसवावं लागणार. हात पहिल्यासारखा होईल का, डॉक्टर नक्की सांगेनात. उशीर का केला म्हणून माझ्यावरच भडकले. मी म्हणालो, अकरा तारखेला मीच घेऊन आलो होतो. त्यावर ते परत एक्स-रेकडे वळले. बोलले असते तर बरं झालं असतं.
मग डॉक्टरांनी हिला विचारलं, किती दुखतंय? हिनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी सवयीनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. मग ती म्हणाली, "लई दुखतंय, डॉक्टर. लई."
हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मिहिरच्या बाळंतपणात ऐकला नव्हता, भूकंपात ऐकला नव्हता. मघाशी एक्स-रेसाठी हात सपाट ठेवला, तेव्हा ओरडली होती, ते आठवलं. मला गरगरलं. सिस्टरनं मला बाकावर आडवं केलं आणि ग्लुकोज पाजलं.

१८ जून
सकाळी भूल देऊन हाड बसवलं, हाताला प्लास्टर, दुपारी घरी. ती झोपली होती. शेजारी हात पसरायचे नाहीत, भाकरी मीच थापणार. पीठ मळलं, थापलं, तुटलं, परत थापलं. मध्येच बघतो तर बोटाचं नखुरडं फुटून गेलेलं. कधी फुटलं, कळलंच नाही. सांगायला गेलो, पण ती झोपेतच होती.
त्या बोटानं थापलेली भाकरी टाकून, हात धुऊन दुसरी केली. ती तव्यावरून तुकड्यांनी निघाली. उठल्यावर तिच्यापुढं ठेवली. तिनं डाव्या हातानं घास मोडला, बराच वेळ चावला. मी विचारलं, कशी झाली?
म्हणाली, "जरा कडक झाली."
तिच्या 'जरा'चा अर्थ आता मला कळतो. निमूट उठलो आणि रईसाभाभींचं दार वाजवलं.