इंजिन आधीच गरम होतं

पप्पा,

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते. मतं नंतर.

१. आपल्याच जानकीपुरममध्ये मी एक जुनी गाडी बघायला गेले. छोटी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, पहिल्यापासून एकाच मालकाकडे असलेली.

२. आदल्या दिवशी मालकांना फोनवर सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. ते ‘जी, बिल्कुल’ म्हणाले होते.

३. मी दुपारी पोचले. गाडी पोर्चमध्ये सावलीत उभी होती. बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

४. मे महिन्यात लखनौमध्ये सावलीतला पत्राही तापतो, म्हणून बॉनेट उघडून रेडिएटरच्या रबरी पाइपला बोट लावलं. चटका बसला.

५. गाडी बाहेर नेली होती का, असं विचारलं. मालक म्हणाले, नाही, सकाळपासून इथेच आहे.

६. मी ड्रायव्हरच्या सीटवर मिनिटभर बसले, उतरले, कळवते म्हणाले आणि निघाले. माझ्यासाठी आणलेलं शरबत प्यायले नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. मी चिनहटमधल्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. बाहेर जाणारा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर आमच्या खोलीतून जातो. जूनपासून ती खोली माझ्या ताब्यात येणार आहे, पण पहिली शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते आणि कंपनीची बस आपल्या बाजूला येत नाही. त्या वेळी इथून ऑटो मिळाला तर मिळाला, आणि पॉलिटेक्निक चौराह्यावर बदलायचा दुसरा मिळाला तर नशीब. वेळेवर पोचता येणार नसेल तर जागा दुसऱ्याला देऊ, असं साहेबांनी मला चहा पाजून सांगितलं. नवी गाडी आवाक्यात नाही. जुनी घेतली आणि ती फसवी निघाली तर दुसरी घेण्याइतकं माझ्याकडे काही उरणार नाही. त्यामुळे एकच गाडी घ्यायची आहे आणि ती रोज पहाटे सुरू व्हायला हवी. यापलीकडे माझी काही अपेक्षा नाही. रंगसुद्धा असेल तो चालेल.

रात्रभर थांबलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हाच त्याची खरी हालत कळते. बॅटरी दमलेली असेल, आत झीज असेल, तेल जळत असेल, तर ते त्या पहिल्या काही क्षणांत दिसतं. एकदा तापलं की बहुतेक सगळी इंजिनं शहाण्यासारखी वागतात. म्हणून बघायला येणाऱ्याच्या आधी गाडी तापवून ठेवणं ही विकणाऱ्यांची नेहमीची युक्ती आहे. याआधी बघितलेल्या एका गाडीच्या बाबतीत असंच झालं होतं, आणि तिथल्या दलालाने हसत हसत सांगितलंही होतं की मॅडम, दुल्हन को भी तो तैयार करके ही दिखाते हैं.

तुमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद दोनदा व्हायची. आलं तसं आणि गेलं तसं. मी चौथीत असेन. शाळेला सुट्टी होती, आईची ड्यूटी होती, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं होतं. टेबलावर एक तराजू आहे, काचेच्या पेटीत, इतका नाजूक की तुम्ही त्याच्याजवळ हळू श्वास घेता. त्याच्या पारड्यावर पांढरी पूड सांडलेली आहे. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात मी रुमालाने ती स्वच्छ पुसून ठेवते. मला वाटतं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही परत येता, पारडं बघता, रुमाल बघता. आवाज चढवत नाही. ‘आता हा काय दाखवत होता, ते कुणालाच कधी कळणार नाही,’ एवढंच म्हणता आणि स्टूल ओढून बसता. तसं बोलणं मला पुन्हा कुणाकडून ऐकायला मिळालं नाही. मारापेक्षा जास्त लागलं होतं, आणि मला ते आवडलंही होतं, कारण मोठ्या माणसाशी बोलावं तसं तुम्ही माझ्याशी बोलला होतात.

तर घरी येऊन मी आईला सांगितलं की गाडी बाद. ती स्वयंपाकघरात फोडणीची मिरची चिरत होती. म्हणाली, ‘तू गाडी घ्यायला जातेस की गाडीचा पेपर काढायला?’ शरबताचं कळल्यावर तिला जास्त राग आला. बेलाचं होतं का, असं विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाली की एवढ्या उन्हात कुणी बेल कुस्करून, गाळून ठेवलं आणि तू तसंच सोडून आलीस. मी तिला सांगितलं की पप्पासुद्धा तपासणीला गेल्यावर कुणाकडे चहा घ्यायचे नाहीत. ‘ते सरकारी काम होतं,’ आई म्हणाली.

पण एक गोष्ट जुळत नव्हती आणि ती मला सोडेना. मी सीटवर बसले होते तेव्हा स्टीअरिंग थंड होतं. नुसतं सावलीतलं थंड नव्हे, एसीतलं. सीटवर एक धुतलेला टॉवेल अंथरला होता. ज्याला इंजिनचा दोष लपवायचा आहे तो इंजिन गरम करेल. स्टीअरिंग थंड का करेल? टॉवेल कशाला घालेल? एखाद्या मोजमापात एक आकडा बाकीच्यांशी भांडत असेल तर तो आकडा खोडायचा नसतो. मी दुसऱ्या दिवशी फोन न करता परत गेले.

मालक वीज खात्यातून रिटायर झालेले आहेत. आता डोळ्यांमुळे गाडी चालवत नाहीत. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि आश्चर्य न दाखवता बाजूला सरकले, जणू मी रोजच येते. मी उभ्या उभ्या विचारलं की काल गाडी स्टार्ट केली होती का. त्यांनी लगेच मान हलवली. केली होती. एसी लावून ठेवला होता, मी यायच्या आधी अर्धा तास.

‘मैंने मना किया था,’ मी म्हणाले.

‘किया था आपने. मगर बिटिया, लू में चलकर आ रही थीं आप. भट्ठी में बिठा देते?’

आतून त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या. ‘मैंने कहा था इनसे, इंजीनियर है, नाराज़ हो जाएगी. बोले, हो ले नाराज़, लू तो न लगे.’

हे बहाणा म्हणून रचायचं असतं तर कालच रचलं असतं. काल त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, कारण मी गाडी बाहेर नेली होती का एवढंच विचारलं होतं, आणि एसी लावला होता हे आपणहून सांगणं म्हणजे केलेलं आतिथ्य मोजून दाखवणं. तसं ते करणार नाहीत. या शहरात मी जन्मले, इथेच शिकले, आणि तरी हा हिशेब मला एक दिवस उशिरा सुटला. आपल्या घरात पाहुणा आला की आपण आधी पाणी देतो आणि मग विचारतो. इथे पाहुणा निघाल्यापासून त्याची सोय सुरू होते.

मी म्हटलं की उद्या सकाळी नाश्त्याच्या आधी येते, आणि तोपर्यंत चावीला हात लावू नका. त्यांनी ते मान्य केलं, मग विचार करून म्हणाले की गाडी ठंडी मिलेगी, पर नाश्ता तो हम गरम ही खिलाएँगे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की यावर तरी परवानगी आहे ना.

सकाळी मी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेले. पाइप थंड होता. चावी फिरवली. पहिल्यांदा इंजिन नुसतंच घरघरलं. दुसऱ्यांदा सुरू झालं आणि मागून निळसर धूर निघाला, थोडासा, लगेच विरला. मेकॅनिक माझ्याकडे बघतो, मी मालकांकडे बघते. ते पोर्चच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेत.

‘हाँ, सुबह-सुबह इतना तो करती है,’ ते म्हणाले. ‘दो-तीन साल हो गए.’

‘आपने बताया नहीं.’

‘आपने पूछा कब? आप तो आते ही नब्ज़ देखने लगीं.’

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, ‘डॉक्टर भी पहले पूछ लेता है, तकलीफ क्या है.’

म्हणजे माझा संशय बरोबर होता आणि चुकीचाही. गाडीत दोष होता. तो कुणी लपवत नव्हतं. मी त्यांना बसून सगळं विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं: पावसाळ्यात डावी काच अडकते, एसीचा पट्टा नवा आहे, एकदा मलिहाबादच्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्या भरलेल्या ट्रॅक्टरने मागून ठोकलं होतं, तिथला पत्रा बदलला आहे. मेकॅनिकने खाली वाकून तो पत्रा बघितला आणि हो म्हणाला. धुराबद्दल त्याचं म्हणणं असं की आतली रबरी सीलं वयाने कडक झाली आहेत, थोडं तेल पीत राहील, ते तपासत राहायचं, पुढे कधी इंजिन उघडलं की बदलून टाकायची. बाकी इंजिन चांगलं आहे. घरघर बॅटरीची होती. दहावीनंतर तुम्ही मला काचेचा एक थर्मामीटर दिला होता, त्याला चिकटवलेल्या पट्टीवर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्धा अंश जास्त दाखवतो.’ मी नाक मुरडलं होतं. चूक ठाऊक असली की यंत्र वापरता येतं, असं तुम्ही म्हणाला होतात. कागदपत्रांसाठी मालकांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं आणि आडनाव बरोबर लिहिलं का ते मला दाखवून विचारलं. मग पराठे आले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. हे पत्र त्यानंतरच्या संध्याकाळमुळे आहे.

मी आईला हसत सांगत होते की गरम इंजिनचा नियम मी तुमच्याकडूनच उचलला. मी सातवीत असताना आपण दोघं एक जुनी गाडी बघायला गेलो होतो ना, ती तुम्ही म्हणूनच सोडली होती. आई म्हणाली, ‘कोण म्हणालं? मला तर म्हणाले होते की दरवाजा नीट लागत नव्हता.’ मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, ‘नक्की म्हणजे काय, मीच म्हटलं होतं की दरवाजा काय, सुतारही लावून देईल.’

एकाच गाडीबद्दल, एकाच दिवशी, तुम्ही दोन माणसांना दोन कारणं दिली होती. तुम्ही असं करणारे नव्हतात.

तेव्हापासून मी तो दिवस पुन्हा पुन्हा बघते आहे. जानेवारी आहे, धुकं अजून उठलेलं नाही. स्कूटरवर मी तुमच्या पाठीला डोकं टेकून बसले आहे. जाहिरात बघून आपण शहराच्या दुसऱ्या टोकाला आलो आहोत. गाडी निळी आहे. मालक शाल पांघरून बाहेर येतो, गाडीबद्दल दोन शब्द बोलतो, मग विचारतो, ‘पूरा नाम?’ तुम्ही सांगता. आपलं आडनाव त्याला कळत नाही. ‘ये कौन लोग होते हैं?’ तुम्ही म्हणता, ‘हम बौद्ध हैं.’ तो ‘अच्छा’ म्हणतो आणि चावी आणायला आत जातो. बराच वेळ येत नाही. आपण गाडीपाशी उभे आहोत. मी काचेतून आतला टेपरेकॉर्डर बघते आहे. मग तुम्ही म्हणता, ‘चल,’ आणि स्कूटरला किक मारता. वाटेत मी विचारते, का? तुम्ही म्हणता, ‘इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं.’ त्यानंतर आपल्या घरी गाडीचा विषय निघाला नाही, आणि आपण तिघं त्या स्कूटरवरच बसत राहिलो.

मला दोन शक्यता दिसतात. एक: मी टेपरेकॉर्डर बघत होते तेव्हा तुम्ही बॉनेटला हात लावलात, ते गरम होतं, आणि तुम्ही गाडी सोडलीत. आईला दरवाज्याचं सांगितलंत कारण तिला इंजिनातलं समजावत बसायचा तुम्हाला कंटाळा आला असेल. दोन: चावी येणार नव्हती, हे तुम्हाला कळलं, आणि सातवीतल्या मुलीला तुम्ही असं कारण दिलंत जे ती आयुष्यभर वापरू शकेल. ते मी वापरलं. एका भल्या माणसाच्या पोर्चमध्ये उभी राहून वापरलं आणि त्याला खोटा ठरवून आले. त्याबद्दल मी तुमच्यावर चिडलेली नाही. मला फक्त जाणून घ्यायचं आहे. आई म्हणते, जाऊ दे, आता काय त्याचं. पण जो नियम मी रोज लावते तो मोजून आला की दुखावून आला, एवढं मला कळायला हवं.

मला आठवतं ते इतकंच की तुमच्या हातात लोकरीचे हातमोजे होते, आईने विणलेले, करड्या रंगाचे. ते तुम्ही काढल्याचं मला आठवत नाही. लोकरीतून बॉनेटची उष्णता कळत नाही. पण मी सतत तुमच्याकडे बघत नव्हते, त्यामुळे माझी साक्ष पुरेशी नाही.

हे पत्र टाकायला जागा नाही, ते मला ठाऊक आहे. गाडी मी घेते आहे, ते ठरलं, तेव्हा त्यासाठी तुमच्या उत्तराची गरज नाही. आणि मोजणाऱ्याने उत्तर आधी ठरवून ठेवू नये, हेही ठाऊक आहे. तरी सांगते, उत्तर ‘हो’ असावं असं मला वाटतं. इंजिन खरोखर गरम असावं.

रविवारी सकाळी आई आणि मी गाडी आणायला जाणार आहोत. तुम्ही हातमोजा काढला होता का, एवढंच शनिवारपर्यंत कळवा.