माहेरी जन्मल्याबद्दल स्थलांतरित

प्रति,
मेहेरबान धान्य-वाटप अधिकारी साहेब,
स्थलांतर नोंद शाखा,
तालुका कचेरी, जिल्हा सातारा.

विषय : मौजे आंबेखडी येथील ४०७ रहिवाशांना परगावचे ठरवून त्यांची ज्वारी बंद केल्याबाबत, व त्यांत माझी अकरा महिन्यांची मुलगी असल्याबाबत.

संदर्भ : आपला हुकूम दि. २६ मार्च १९४५. तसेच मी स्वतः भरून दिलेला गाव-तक्ता, रकाना सात.

महोदय,

अर्जदार सौ. चंद्राबाई नाथाजी देवकर, राहणार आंबेखडी, कडेगावच्या पश्चिमेस दोन कोस, सविनय लिहिते की, गेल्या जानेवारीत आपल्या शाखेस घरोघर जाऊन माणसे नोंदविणारी बाई हवी होती. मी मराठी सातवी पास असून भूगोलात मला पहिला नंबर होता, म्हणून पाटलांनी माझे नाव सुचविले. ते काम मी मुलीला पाठीशी बांधून एकवीस दिवसांत पुरे केले. गावाचा नकाशा पावलांनी मोजून काढला, एकशे अठरा उंबरे त्यावर दाखविले, वाऱ्याची दिशासुद्धा दाखविली. आपण त्यावर 'समाधानकारक' असा शेरा दिला होता. आज वाटते, आपण असमाधानी असता तर बरे झाले असते.

२. रकाना सातमध्ये 'जन्मगाव' विचारले होते. मी विचारले, बायांनी खरे सांगितले, मी खरे लिहिले. आपल्या शाखेने त्यावरून असा निष्कर्ष काढला की, ज्याचे जन्मगाव व राहते गाव भिन्न तो स्थलांतरित, आणि स्थलांतरिताने आपले धान्य जन्मगावच्या दुकानातून घ्यावे. हा निष्कर्ष काढणाऱ्या गृहस्थांचे लग्न झालेले नसावे, किंवा झाले असल्यास त्यांच्या घरी अद्याप बाळंतपण झालेले नसावे. आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते, साहेब. दुसऱ्या खेपेसही बहुधा जाते. सवा महिन्याने बाळ टोपडे घालून आपल्या गावी येते. त्याला आजवर कोणी स्थलांतर म्हटले नव्हते, बारसे म्हणत.

३. आता पुढची अडचण ऐकावी. बाई लग्न होऊन आली ती माहेराहून; पण तिचा जन्म माहेरी झालेला नाही. तो तिच्या आईच्या माहेरी, म्हणजे तिच्या आजोळी झाला. तेव्हा हुकुमाप्रमाणे तिने ज्वारी आणायची ती माहेरच्याही गावची नाही, आजोळच्या गावची. माझेच पाहावे. माझे माहेर सांगली, गावभाग. माझा जन्म आजोळी तासगावास. मुलगी चि. शालू हिचा जन्म सांगलीस. हिचे वडील चौथे अपत्य. त्या वेळी त्यांच्या आईच्या माहेरी बाळंतपण करणारे कोणी उरले नव्हते, म्हणून ते आंबेखडीतच जन्मले. एकूण एका चुलीवरच्या आई-बाप-लेक या तिघांपैकी मी तासगावी रांगेत उभे राहावे, शालूने सांगली संस्थानात एकटीने उभे राहावे, आणि आंबेखडीच्या दुकानातून धान्य घेण्याचा हक्क तिच्या वडिलांना आहे. ते चार वर्षांपासून पलटणीत असून हल्ली इटली देशी आहेत. सन ४३ च्या पावसाळ्यात रजेवर येऊन गेले, त्यानंतर त्यांना रजा मिळालेली नाही.

४. आपल्या तक्त्याची बेरीज मी तपासली, ती बरोबर आहे. मूळचे रहिवासी १९७. पैकी गावात हजर ११२, बाकीचे ८५ मुंबईच्या गिरण्यांत व पलटणीत. स्थलांतरित ४०७, पैकी गावात हजर ४०७. म्हणजे जे गाव सोडून गेले ते मूळचे, आणि ज्यांनी वीस-तीस वर्षे शिवेबाहेर पाऊल टाकले नाही ते उपरे. भूगोलाच्या पुस्तकात हे असे मला शिकविलेले नव्हते.

५. गावातील सरकारमान्य दुकान निजाम मुलाणी चालवितात. एकशे सत्त्याण्णव माणसांची ज्वारी त्यांच्याकडे येऊन पडली आहे, पण हुकूम असा की माल हजर माणसासच तोलावा. ते मला म्हणाले, "वैनी, पोती आल्यात, पर यादीतली निम्मी माणसं गिरणीत न् लढाईवर. दारात उभी हायती त्यांची नावं न्हाईत. आता मी तोलू कुणाला?" ते स्वतः मिरजेस जन्मले असल्याने आपल्याच दुकानातून त्यांना पसाभर ज्वारी घेता येत नाही. उरलेल्या पोत्यांना उंदीर लागले आहेत. ते उंदीर याच गावी जन्मलेले असल्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार चालणार नाही, हे मी जाणते.

६. रंगुबाई नावाच्या वृद्धा आमच्या आळीत राहतात. वय सत्तरच्या पुढे. नवव्या वर्षी लग्न होऊन आल्या. त्यांचे जन्मगाव विजापुराकडे. नाव त्यांनी सांगितले, ते मी लिहिले, पण कोणत्याही नकाशात ते मला सापडले नाही. हुकूम वाचून दाखविला तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं पोरी, मी हितं आले तवा तुजा सासरा झोळीत हुता. आता त्यो मूळचा आन मी पाव्हणी व्हय? मग पाव्हणीला जेवायला तरी घाला म्हनावं सायबाला." हा निरोप जसाच्या तसा कळविण्याची त्यांनी मला शपथ घातली आहे, त्यात माझा दोष नाही.

७. मी गेल्या मंगळवारी आपल्या कचेरीत आले होते. आपण जेवणास गेला होता. भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा लावलेला पाहिला. चारी दिशांनी तांबडे बाण आमच्या गावात घुसत आहेत आणि खाली लिहिले आहे, 'परगावच्या लोकांचा लोंढा'. साहेब, बाणाची लांबी मोजावी. एकही बाण चाळीस मैलांवर नाही. रंगुबाईंचा तेवढा लांबचा. आणि हा लोंढा वर्षातून तीनच महिने येतो, लग्नसराईत, वाजंत्री लावून. त्यातला प्रत्येक बाण म्हणजे एक सून आहे किंवा तिचे तान्हे. खरे स्थलांतर पाहायचे तर मुंबईकडे जाणारे बाण काढावे लागतील. ते भिंतीवर एकही नाहीत. मी हे आपल्या कारकुनांना सांगू गेले, तर ते म्हणाले, "बाई, कागद तुमचा, अक्षर तुमचं. आता साहेब तरी काय करणार?" हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल इतके पाठ झाले आहे, कारण गावातल्या बायाही मला हेच म्हणतात. "तूच लिवून न्हेलंस की." ज्यांनी मला उंबऱ्यात बसवून, शालूच्या हातावर गूळ ठेवून आपले वय साथीच्या सालावरून मोजून सांगितले, त्या आता पाणवठ्यावर घागर भरून, मला पाठ फिरवून निघून जातात.

८. राग येणार नसेल तर एक विचारते. आपल्या मातोश्री आपल्या जन्माच्या वेळी माहेरी गेल्या होत्या काय? गेल्या असल्यास आपणही ज्या गावी कचेरी थाटून बसलात तेथील धान्य घेता कामा नये. मातोश्रींना पत्र घालून खात्री करून घ्यावी. जन्मगावाबाबत त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार आपल्या शाखेकडे नसेल.

९. शालूला चार दात आले आहेत. ती ज्वारीची पेज खाते, वाटी संपली की वाटीवर चमचा आपटते. सोळा दिवस आम्ही सासऱ्यांच्या वाट्यातून भागवले. परवा त्यांनी "मला भूक न्हाई" असे सलग दुसऱ्यांदा सांगितले. हा अर्जही ती झोळीत झोपते तेवढ्या वेळात, चार दुपारी बसून लिहिला आहे. मध्येच शाई सांडली आहे ती तिने.

१०. तरी विनंती की, रकाना सात रद्द न करता त्याच्या पुढे आणखी तीन प्रश्न जोडावेत : राहत्या गावी किती वर्षे, कोणत्या कारणाने आला, आणि काल रात्री कोठे जेवला. शेवटचा प्रश्न धान्यासाठी पुरेसा आहे. पुन्हा घरोघर फिरण्यास मी तयार आहे, मेहनताना नको. तोपर्यंत जुन्या यादीप्रमाणे वाटप चालू करावे.

११. ता. २३ एप्रिल, सोमवारपर्यंत असे न झाल्यास हुकुमाचे पालन करण्याचे गावातील सर्व सुनांनी ठरविले आहे. दिवस उजाडताच प्रत्येक जण आपापली मुले घेऊन जन्मगावी निघेल. ज्या मुलांचा जन्म तिसऱ्याच गावी झाला त्यांना वाटेत त्या त्या गावी सोडावे लागेल. गुरांचे पाणी, शेतातली कामे व भाकरी ही हजर असलेल्या मूळच्या रहिवाशांनी पाहावी. पाटलांना हे कळविले, त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. मी मात्र अडले आहे. तासगाव व सांगली या दोन गावी मला एकाच दिवशी जाता येते, पण दोन्हीकडे राहता येत नाही. माझी मुलगी कोणत्या चावडीवर उतरवून ठेवू, ते आपण लेखी कळवावे. तोंडी हुकूम मी घेणार नाही.

आपल्या तक्त्यातील स्थलांतरित क्रमांक २११,
सौ. चंद्राबाई नाथाजी देवकर
मौजे आंबेखडी, ता. १२ एप्रिल १९४५

सोबत :
(१) गावाचा नकाशा, दुरुस्त. मुंबईकडील बाणांसह.
(२) सुनांच्या अंगठ्यांच्या ठशांची यादी.
(३) स्थलांतरित क्रमांक २१२, कु. शालू, हिच्या उजव्या पावलाचा ठसा. अंगठा ती तोंडातून काढू देईना. हे पाऊल अद्याप एकदाही चाललेले नाही.