मदगूचा अहवाल आणि आत्याच्या बरण्या

कुंभकोणम,
ता. १७ मे १९२८

तीर्थस्वरूप तुकोजीअण्णा यांच्या चरणी सेतूचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीपासून तुम्हांला एक ओळ लिहिली नाही, त्याची क्षमा मागतो. विसरलो म्हणावं तर तेही खरं नाही. रोजनिशीत "अण्णांना पत्र लिहिणे" असं इतक्यांदा लिहिलं आहे की त्यानंच पत्र लिहिल्याचं समाधान होऊ लागलं. (चाळिशी उलटली की माणसाला नोंद आणि काम यांतला फरक कळेनासा होतो, की हा माझा एकट्याचाच दोष, हे अजून ठरवता आलेलं नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे? शाळेतले तुमचे सोबती तुमच्या बोलण्याला अजून "बखर" म्हणतात का? त्यांना सांगा, तंजावरच्या मराठीला इतक्या वर्षांत पुण्याहून कुणी भेटायला आलं नाही. ती जुनी राहिली यात तिची काय चूक? इकडे आम्ही खुशाल. वत्सला तुम्हां उभयतांना नमस्कार सांगते आणि विचारते की तिकडे नारळ अजून डोळ्यांनी बघायलाच आणतात का. आत्या मरुदानल्लूरला बरी आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो.

मरुदानल्लूरचा मदगू तुम्हांला आठवत असेलच. (नदीच्या बांधातून गावच्या पाटाला पाणी सोडायच्या दाराला पुण्यात काय म्हणतात कोण जाणे, आपण घरात मदगूच म्हणत आलो.) त्याच्या कट्ट्यावरून आपण पाटात उड्या मारायचो, आणि समोरच्या गल्लीत भजन सुरू झालं की ओल्या धोतरानंच मागच्या रांगेत जाऊन बसायचो. त्याच कट्ट्यावर तुमच्या आईनं, म्हणजे आत्यानं, आपल्या दोघांना पान वाढायला शिकवलं. तिरुविसनल्लूरच्या मठात कार्तिकातल्या उत्सवाला पंगती उठायच्या, आणि वाढायला भरवशाची मुलं पाहिजेत असा आत्याला निरोप आला होता. भरवशाची मुलं घरात नसल्यामुळे तिनं आपल्याला तयार करायला घेतलं. केळीची फाटकी पानं, भाताच्या जागी ओली वाळू, भाजीच्या जागी चिंचोके, लोणच्याच्या जागी विटेची पूड. मीठ वर मधोमध, चटण्या-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या उजवीकडे. तुम्ही विटेची पूड पानभर उधळलीत तेव्हा ती म्हणाली, "अस्कं पान तांबडं करून ठेविलेस! आता तिखट कोठे आहे ते पाव्हण्यानं जिभेनं हुडकावं काय रे?" आणि मी मधली रिकामी जागा चिंचोक्यांनी भरायला लागलो तेव्हा माझ्या हातावर चापट बसली. "ती जागा तुझी नव्हे. ती जेवणाऱ्याच्या हाताची." बाकी बालपण धूसर झालं आहे, पण ती चापट अजून उजव्या मनगटावर नेमकी कुठे बसली ते दाखवता येईल.

हे सगळं आठवायला कारण माझी पाटबंधारे खात्यातली नोकरी. यंदा माघात नदी आटल्यावर मी तो मदगू तपासायला गेलो. तळाच्या दगडांखालची माती वाहून गेली आहे. काठी घातली तर आत जाते आणि मूठभरच वर राहते. डावीकडच्या भिंतीला भेग पडली आहे आणि ती थेट बांधात शिरते. जूनमध्ये नदीला पाणी येईल. पहिल्याच लोंढ्यानं मदगू गेला तर बांध जाईल, आणि बांधाच्या पायथ्याशी सगळ्यांत खोलात पहिलं घर कुणाचं आहे? तुमच्या आईचं. तेव्हा मी ताबडतोब जे करायचं ते केलं, म्हणजे अहवाल लिहिला.

अण्णा, त्या अहवालाचा मला अभिमान होता. कॉलेजात शिकलेलं सगळं इंग्रजी मी त्यात ओतलं. आरंभी चोळ राजांची पाटबंधारे-व्यवस्था, मग आपल्या भोसल्यांच्या वेळची, मग पावसाचे तक्ते, मग मातीचे प्रकार, मग चुन्याची प्रतवारी. भेग त्यात होती. पण पानपुड्याच्या तळाशी लवंग असते तशी होती; हात घालणाऱ्याला आधी सगळं उपसावं लागलं असतं. साहेबांनी समासात लिहून परत पाठवला: "अत्यंत विद्वत्तापूर्ण. नोंद घेतली." मी पुन्हा लिहिला. या वेळी भेग ठळक दिसावी म्हणून महत्त्वाच्या वाक्यांखाली तांबड्या शाईच्या रेघा मारल्या. आता महत्त्वाचं नाही असं एकही वाक्य मला माझ्या लिखाणात सापडेना, आणि म्हणून सगळ्याच वाक्यांखाली मारल्या. तोही परत आला. या वेळी समासातही काही नव्हतं.

तो दुसरा अहवाल मी सोप्यावर उन्हात वाळायला ठेवावा तसा पसरून बसलो होतो. वत्सला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हे काय, खिचडी सांडली काय?" मी म्हटलं, तुला इंग्रजी येत नाही, तुला यातलं काय कळणार. ती म्हणाली, "येत नाही म्हणून तर दिसतं. तुम्ही वाचायला लागता, मग तुम्हांला दिसायचं राहतं." आणि वर: "इतकं तांबडं! लोणचं पानभर फासलंत तर पाव्हणा उठून जाईल." आत्याची ती गोष्ट मी तिला पूर्वी कधी सांगितली होती की सगळ्याच बायका हे जन्मतः जाणतात, ते ठाऊक नाही. पण मनगटावर जुनी चापट पुन्हा बसली, एवढं खरं.

तिसरा अहवाल मी केळीच्या पानासारखा वाढला. एकच मोठा कागद. मीठ वर मधोमध: "हा मदगू जूनचं पाणी सोसणार नाही." डावीकडे थोडथोडी, जरूर लागेल तेवढीच मापं, उजवीकडे काय दुरुस्ती करावी ते, खाली मधोमध भाताच्या जागी मदगूचं चित्र. तांबडी शाई चित्रातल्या भेगेला फक्त, दुसरीकडे कुठेही नाही. चोळ राजांना मी जड अंतःकरणानं निरोप दिला. आणि सगळ्यांच्या मध्ये रिकामी जागा सोडली, साहेबांच्या हातासाठी.

तो स्वच्छ नक्कल काढायला हेडक्लार्क महालिंग अय्यरांकडे गेला. हे गृहस्थ आणि त्यांच्या काखेतली छत्री कचेरीत माझ्याआधीपासून आहेत आणि बहुधा कचेरीच्याही आधीपासून. कोरा कागद म्हणजे त्यांना पडीक जमीन. त्यांनी माझा सगळा मजकूर वर सरकवून एकमेकांना चिकटवला, चित्र दुसऱ्या कागदावर हाकललं आणि मधल्या जागेत पहिल्या अहवालातले चोळ राजे परत आणून बसवले. मी गेलो तर म्हणाले, "सेतूराव, सरकारी कागद आहे, तुमच्या सासऱ्याचं अंगण नव्हे, अर्धं रिकामं ठेवायला." मी केळीच्या पानाची उपमा दिली. ती मात्र त्यांना तत्काळ पटली, आणि तिथेच घोटाळा झाला. ते म्हणाले, पान असेल तर पानासारखं वाढा. आधी मीठ कोण वाढतं? आधी उजव्या कोपऱ्यात पायसमचा (म्हणजे खिरीचा) थेंब पडला पाहिजे. मी म्हटलं, आमच्यात आधी मीठ. ते म्हणाले, "म्हणूनच तुमचे अहवाल परत येतात! जेवणाऱ्याला आधी खारट तोंड करायला लावता." मग शेजारच्या टेबलावरचे दोघे आले, एक आमच्याकडचा, एक त्यांच्याकडचा, आणि सबंध दुपार आमच्या खात्यात मदगूऐवजी पंगत बसली. शेवटी तह झाला. उजव्या कोपऱ्यात एकच ओळ गोड घालायची: "जुन्या बांधकामाचे दगड उत्तम असून पुन्हा वापरता येतील." (हे खरंही आहे. खोटं असतं तर मी घातलं नसतं. निदान घातल्यावर झोप लागली नसती.) मोबदल्यात त्यांनी रिकामी जागा मान्य केली आणि चित्र परत जागेवर येऊ दिलं.

आता चित्राचं सांगतो. मदगू केवढा आहे हे कळावं म्हणून शेजारी एक माणूस काढायचा असतो. मला माणसं काढता येत नाहीत हे तुम्ही जाणता. लहानपणी मी गणपती काढला तर लोक हत्ती म्हणून कौतुक करायचे. पण आपण जे रोज बघतो तेच हातातून उतरतं. शेंडी आली, पोट आलं, काखेत मिटलेली छत्री आली. मला काही जाणवलं नाही, अय्यरांनाही नाही. कचेरीत बाकी सगळ्यांना जाणवलं.

साहेबांनी कागद हाती घेतला तेव्हा मी आणि अय्यर दोघेही समोर उभे होतो. साहेब आधी कागदाकडे बघून हसले, मग अय्यरांकडे बघून हसले, मग छत्रीकडे बोट करून पुन्हा हसले. अय्यरांचा चेहरा उतरला. पण छत्री बघता बघता साहेबांचं बोट शेजारच्या तांबड्या रेघेवर आलं आणि तिथे थांबलं. मग नजर वर मिठाकडे गेली. हसू गेलं. म्हणाले, "हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?" अण्णा, त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत कठीण काम होतं. दुरुस्तीचा हुकूम त्याच दिवशी निघाला. चुना आणि विटा पापनाशमच्या स्टेशनावरून येत आहेत. अय्यर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत; तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "पोट जरा जास्त काढलंत," आणि त्या चित्राची एक प्रत घरी न्यायला मागितली.

तेव्हापासून एक शंका मला सोडत नाही. विजय पानाचा, की छत्रीचा? माझ्या मांडणीनं साहेबांना भेग दिसली असं मी कचेरीत सांगतो. रोजनिशीत मात्र लिहिलं आहे: "बहुधा छत्री." खालच्या ओळीत: "पण रिकामी जागा नसती तर छत्रीही दिसली नसती." त्यावर अजून शाई वाळलेली नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही निर्णय द्यावा. मला इतकंच वाटतं की खरं श्रेय कट्ट्यावरच्या त्या ओल्या वाळूला आहे. परवा मदगूवर गेलो तेव्हा मी कुणी बघत नाही असं पाहून तिथे थोडा वेळ बसलो. कट्टा आपल्या आठवणीपेक्षा बराच बुटका आहे.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सेतू

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. हुकूम निघाला आहे, चुना निघाला आहे, पण नदी कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. वरच्या बाजूला यंदा पाऊस लवकर आहे असं ऐकतो. काम वेळेत पुरं होईल असं मी साहेबांना लिहून दिलं आहे. तुम्हांला तसं लिहून देत नाही. आत्यानं बांधाखालचं घर सोडून पहिला लोंढा जाईपर्यंत आमच्याकडे येऊन राहावं, म्हणून मी तीनदा गेलो. ती म्हणते, "मदगू माझ्याआधीचा आहे, माझ्यामागून जाईल." शिवाय आंब्याचं लोणचं नुकतंच घातलं आहे आणि बरण्या सोडून ती कुठेही येत नाही. म्हणून ठरवलं आहे की आधी बरण्या आणायच्या. त्यांच्यामागून ती येईल. पण दोन दिवसांत परत जायला निघेल, आणि तिला थांबवणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तेव्हा आमच्या पत्त्यावर तिला पत्र टाका: पाणी जाईपर्यंत सेतूकडे राहा. मोठ्या अक्षरांत लिहा, तिला दिसत कमी आहे. दुसरं काही लिहू नका. भोवती जागा सोडा.

दुसरा ता. क. वरचं वाचून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एवढं लांबलचक वाढलं आणि मीठ शेवटी! फिरून लिहायला बसलो तर आजचं टपाल चुकेल. म्हणून ता. क. चा हा कागद सर्वांत वर ठेवून घडी घालतो. तेव्हा हा तुम्हांला आधी हाती लागेल. लागला की आधी आत्याला पत्र टाका. खालचं सावकाश वाचा. तिथे मी दिवाळीपासूनच्या उशिराची क्षमा मागितली आहे, त्या क्षमेला घाई नाही.

(रोजनिशीत, त्याच रात्री.) उद्या: बरण्या फुटू नयेत म्हणून बैलगाडीत पेंढा भरून घेणे.