पांढरा दगड पाण्यात ठेवायचा नाही

मंगळवार, ४ तारीख

जमला एकदाचा! आठवडाभर खपतेय. कपड्याच्या साबणाची लांब वडी, सुरीने तासून बरोब्बर मापात. कोपरे घासले. वास जावा म्हणून गच्चीवर उन्हात टाकला. वर दगडावर साचतो तो धारेचा काळा चिखल चोळला, बाबांचा पांढरा दगड वापरून मळलाय तसा दिसावा म्हणून. दोन्ही शेजारी ठेवले तर मलाच कळेना कुठला कुठला!

बाबांचे धार लावायचे दगड तीन. खरबरीत आणि मधला कायम पाण्याच्या टबात. पांढरा मात्र लाकडी पेटीत, कोरडा. शेवटची धार त्याच्यावर. मला हात लावायची बंदी. ‘पांढऱ्यावर पाणी शिंपडायचं. बुडवायचं नाही’ — हे मी चालायला लागल्यापासून ऐकतेय.

पेटीत साबण ठेवला. खरा लपवायचा कुठे? बाबा कुठेही शोधतील, टबात नाही शोधणार! खरबरीताच्या खाली सारला. एका दिवसात काय होतंय.

उद्या सकाळी पेटी उघडणार, पाणी शिंपडणार, एखाद्या खाटकाचा सुरा टेकवणार आणि — फेस! मला आत्ताच हसू आवरत नाहीये. मग म्हणतील, ‘कार्टे, तुझी अक्कल कुठल्या दगडावर पाजळू?’ दर वेळी हेच म्हणतात.

बुधवार, ५ तारीख

बाबा पडले. पेटीला हात लावायच्या आधीच. पातं खाली आणि ते पण. मला आधी वाटलं माझीच उलट गंमत करतायत. मी हसले.

मी हसले.

शनिवार, ८ तारीख

उजवी बाजू गेली. हात लोंबतोय. तोंड वाकडं. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकू येतंय, कळतंय सगळं. आई म्हणते, कळतंय तेच वाईट.

सोमवार, १० तारीख

दुकान उघडलं. गिऱ्हाइकांच्या सुऱ्या तशाच पडल्यात. टबात हात घातला — खरबरीत वर आला, मधला आला, आणि खाली बोटांना तिसरा लागला. पांढरा! सहा दिवस!! डोक्यातून पार गेलं होतं.

काढला. चिरा नाहीत. कुठे काही नाही. देवा, वाचवलंस! पुसला आणि लवकर वाळावा म्हणून खिडकीत उन्हात ठेवला.

मंगळवार, ११ तारीख

टक्.

एवढाच आवाज आला. मी पाठमोरी होते. वळले तर मधोमध रेघ. उचलला आणि दोन तुकडे दोन हातांत आले.

आतपर्यंत पाणी मुरलेलं. सावलीत चार-पाच दिवस ठेवला असता तर कदाचित वाचला असता. आणि मी शहाणी उन्हात ठेवते! आधी बुडवून मारला, मग भाजून.

बाबांच्या उस्तादांचा दगड. म्हातारा कुणालाच द्यायला तयार नव्हता. बाबांनी तीन वर्षं फक्त खरबरीतावर काढली तेव्हा कुठे मिळाला. असा आता मिळत नाही, बाबाच सांगायचे.

गमने चिकटवून बघितला. जोडावर पातं अडखळतं. परत सोडवला.

गुरुवार, १३ तारीख

बाबा घरी आले. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, हाडकुळ्या, चष्मा दोरीला. त्यांनी बाबांच्या उजव्या अंगठ्याला टाचणी टोचली. बाबा छताकडे बघत होते. बाईंनी परत टोचली. छत.

‘यांच्या हाताला ओळखीचं काय आहे?’ बाईंनी विचारलं. ‘रोज धरायची वस्तू. ती द्या मुठीत. डोक्यापेक्षा हाताला जुनं आठवतं.’

आई लगेच — ‘पांढरा दगड आण गं.’

दुकानापर्यंत रडत गेले. पेटी उघडली. साबण तसाच, ऐटीत बसलेला. दुसरं काय करणार? घेऊन आले.

आई तो बाबांच्या डाव्या हातात द्यायला निघाली. डावा शाबूत आहे! ‘अगं उजव्यात, उजव्यात!’ मी एवढ्या जोरात ओरडले की बाई दचकल्या. ‘बरोबर बोलतेय पोरगी,’ म्हणाल्या. वर कौतुक!

बाईंनी बाबांची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटवली. ‘डोळे मिटा. अंगठा फिरवा. काय लागतंय?’

काही नाही. अंगठा मेलेल्या माशासारखा.

शुक्रवार, १४ तारीख

सुटले! आजपण नाही कळलं.

(नंतर)

सुटले म्हणजे काय? हाच अंगठा ना तो! सुरीवर आडवा फिरवून सांगायचे, ‘हिने हाड कापलंय, इथं, टोकापासून दोन बोटांवर.’ आणि दोन बोटांवर खरंच खाच असायची. एकदा मी माझ्या चाकूने पत्रा कापला आणि शपथ घेऊन नाही म्हणाले. अंगठा फिरवला. ‘पत्रा.’ कानाखाली.

तो अंगठा आज साबणाला साबण म्हणेना. आणि मी सुटले म्हणून खूश! लाज वाटते.

सोमवार, १७ तारीख

बाई आईला जिन्यात सांगत होत्या. मी दाराआड. ‘महिनाअखेरपर्यंत बोटांना जाणीव आली तर बरं. नंतर अवघड. हात उचलतील, जेवतील. पण बारीक काम नाही.’

आई आत येऊन बाबांची उशी झटकत बसली. झटकलेलीच परत झटकत होती.

मंगळवार, १८ तारीख

आई दुकानाची चावी मालकाला परत देणार. महिना संपला की. मी चालवते म्हटलं तर, ‘तुला येतंय का सगळं? नाही ना? मग बोलू नको.’

बुधवार, १९ तारीख

मोठ्या हॉटेलातला आचारी आला. मी त्याला टोपीवाला म्हणते, टोपी घालूनच जन्मलाय. काल मी धार लावून दिलेली सुरी आपटली टेबलावर.

‘ही धार लावलीय की सुरीची पाठ खाजवलीय?’

‘दोन्ही.’ तोंडाला आवर नाही माझ्या.

हसला नाही. खिशातून टोमॅटो काढला — खिशात टोमॅटो घेऊन फिरतो हा माणूस! — आणि सुरी टेकवली. साल चेपली. कापली नाही. ‘तुझ्या वडलांची सुरी नुसत्या वजनाने आत जायची. कसे आहेत?’

बरे आहेत म्हणाले.

‘मग त्यांनाच येऊ दे,’ म्हणाला. सुरी मात्र ठेवून गेला.

गुरुवार, २० तारीख

पांढऱ्याचा मोठा तुकडा घेतला. ओल्या फडक्यावर बसवला, सरकू नये म्हणून. पाणी शिंपडलं — शिंपडलं, बुडवलं नाही! अर्धाच दगड, त्यामुळे पातं पण अर्धं अर्धं ओढायचं. टोपीवाल्याच्या सुरीवर तीन तास. दाबलं की घसरतं. बाबांचं वाक्य कानात — ‘दाबू नको, पाण्याला काम करू दे.’ तेव्हा मी जांभई द्यायचे.

एका बाजूने घासलं की दुसऱ्या बाजूला बारीक किनार उलटते. अंगठ्याला खरखर लागते. ती लागली की बाजू बदलायची. ती लागतच नसेल त्याने कधी थांबायचं? सुरी संपेपर्यंत घासत बसेल माणूस.

बाबांना आता तेच.

शनिवार, २२ तारीख

‘या दगडाला धुण्याचा वास का येतोय गं?’ आई.

‘माझ्या हातांचा असेल.’

‘तू? आणि धुणं?’

मेले. पण बाबांनी कण्हायला सुरुवात केली आणि ती तिकडे वळली. एरवी वाचल्याचा आनंद झाला असता. आज वाटलं, पकड की आई. बाबांसमोर दोन थोबाडीत दे. ते बघून तरी काहीतरी बोलतील.

रविवार, २३ तारीख

आई अंघोळीला गेली तेव्हा बाबांजवळ बसले. सगळं सांगायचं ठरवून. ‘बाबा, तुमच्या हातात—’ आणि पुढे तोंडच उघडेना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर तीच. वाट बघणारी. पातं कुणी बिघडवलं विचारून गप्प बसायचे तशी.

सांगून टाकलं तर? मग त्यांना माझ्या सांगण्यावरून कळेल. पाणी शिंपडलं तर फेस येईल, डोळ्यांनी कळेल. दोन्ही नको! अंगठ्याला कळलं पाहिजे. म्हणून शब्द गिळला. खरं सांगते, थोडा घाबरूनही गिळला.

‘ओळखा ना बाबा,’ एवढंच म्हणाले. ‘नीट चोळून बघा.’

ज्या दिवशी ओळखतील त्या दिवशी दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवीन. मग दगड मारू देत डोक्यात. तुकडे दोन आहेत, दोन मारू देत.

मंगळवार, २५ तारीख

टाचणी. छत.

बुधवार, २६ तारीख

टोपीवाला आला. टोमॅटो काढला. सुरी आत गेली! टोमॅटोला कळलंच नाही. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या चार सुऱ्या ठेवल्या. ‘वडलांना सांग,’ म्हणाला.

सांगितलं. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून येतं ते आपोआप येतं, ते धरत नाही मी. हे डावं होतं.

शुक्रवार, २८ तारीख

बाईंनी आज तीनदा टोचलं. तिसऱ्यांदा रक्ताचा थेंब आला. मीच ओरडले. बाबा नाही.

बाईंनी टाचणी डबीत ठेवली. चष्मा दोरीवर सोडला. ‘मंगळवारी येते,’ म्हणाल्या, पण आईकडे न बघता.

आईने चावी माझ्याकडून मागून घेतली. पदराच्या टोकाला बांधली. सोमवारी देणार.

जेवले नाही. माझीच नजर लागली त्या हाताला. त्या दिवशी हसले नसते तर — काहीही लिहितेय.

शनिवार, २९ तारीख

रोज तासभर त्यांचा अंगठा धरून साबणावर फिरवते. आडवा, धार बघतात तसा. साबणाला एका बाजूने खळगा पडलाय. दगडाला असा खळगा पडायला वर्षं लागतात. हे न कळायला किती मेला असेल हात!

रविवार, ३० तारीख

दुपारचे चार. बाबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत, म्हणून मी हात सोडला होता. मुठीत तो.

अंगठा हलला. आपला आपण. आडवा. खळग्यापाशी थांबला. मागे आला. मग नख रुतवलं — आणि कपाळाला आठी!

ओठ वाकडे झाले. ‘सा—’ परत, ‘सा—’

‘साबण.’

डोळे मिटलेलेच! मी हलले नाही, आईला हाक मारली नाही. मग, तितकंच अडखळत —

‘का… कार्टे.’