कोठीचं कुलूप

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे बालगृहात पुन्हा तीच कथा. मुलांचं घरून आलेलं सामान आम्ही कोठीत कुलपात ठेवतो, म्हणजे चोऱ्यामाऱ्या नकोत. ते कुलूप घारीने पुन्हा उघडलं. घाऱ्या डोळ्यांची म्हणून घारी, पोरगी चौदाची. खिडकी फोडली तेव्हा तिची एकदा पोलिसांत तक्रार गेलीय. ही दुसरी गेली की रवानगी सुधारगृहात. कागद माझ्या सहीसाठी अडलाय.

तू शनिवारी तुझ्या कारखान्यातलं पक्कं कुलूप बसवून जा. मी बैठकीला गेलेली असेन. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी.

कुलूप आणलं होतं, तसंच परत नेलं. रागावण्याआधी वाच. कोठीचं दार लोटलेलं, आत कुजबुज. माझे कान तुला ठाऊकच आहेत. घारी एकेका लहानग्याला बोलावून ज्याचं गाठोडं त्याच्या हातात देत होती. एक चिमुरडी आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसलेली. घारी तिला दटावत होती की रडून वास घालवू नकोस, पुढच्या खेपेला पुरला पाहिजे.

मी डोकावलो तशी बाकीची दचकली, ती नाही. सगळं जिथल्या तिथे ठेवून तिने तारेने कुलूप लावलं. ओरखडासुद्धा नाही. असा हात माझ्या एकाही कारागिराचा नाही. पण मी थक्क झालो ते पुढेच. तुझं गाठोडं कुठलं, असं विचारलं, तर म्हणाली की मी अंगावरच्या कपड्यांनिशी आले, माझं इथे काहीच नाही.

धाकटे, आपण आईचं कपाट उचकटलं तेव्हा दोन धपाटे मिळाले, वर जेवणही मिळालं. पोलीस कुणी बोलावले नव्हते. या पोरांना धपाटा घालणारं कुणी नाही, म्हणून थेट फौजदार?

सही करण्याआधी एकदा जाऊन बघ. तुझ्या शहाणपणावर माझा अजून भरवसा आहे.

तुझा,
दादा


दि. १७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. वरच्यांना कळवलंय, जाब मी देईन. कोठी आता शाळा सुटली की उघडी असते.

काल गेले होते. पोरं आपापलं उराशी धरून बसलेली, दुसऱ्याच्या गाठोड्याकडे कुणी बघतही नव्हतं. घारी उंबऱ्यावर राखणीला. मला म्हणाली की बाई, जरा हळू. मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं हे घर मी चालवते असं मला वाटत होतं.

असाच कान धरत राहा.

तुझी,
धाकटी