तिर्झाचं बाळंतपण आणि माझा भरवसा

रविवार, शेवात महिन्याची ५, सकाळ
आजपासून काळजी बंद. कब्बाला म्हणजे आमच्या ज्यू गूढविद्येच्या वर्गात रब्बींनी उपाय दिलाय. भीती वाटली की डोळे मिटायचे, देवाच्या नावाची चार अक्षरं समोर आणायची आणि म्हणायचं, 'त्याच्याशिवाय दुसरं काहीच नाही.' सोपंय. लेक तिकडे हैफात, नववा महिना, पहिलंच बाळंतपण. मी ढिम्म. फोन करणार नाही.

दुपार
दोन अक्षरं आली, तिसऱ्याच्या जागी तिर्झा आली. फोन केला. फक्त थंडी किती आहे ते विचारायला. एल्काना (जावई) म्हणाला, "बाबा, सकाळी होती तेवढीच आहे."

सोमवार, ६
बायकोला नववा लागला की नवऱ्याने सिनेगॉगमधलं तोरा या धर्मग्रंथाचं कपाट उघडायचं, म्हणजे सुटका सोपी होते. एल्काना विसरला तर? मीच पुढे घुसलो. कारभारी पिन्हास सगळ्यांदेखत म्हणाला, "येदिद्या, दिवस कुणाला गेलेत? लेकीला की तुला?" लोक खो खो हसले. मी रागावलो नाही. पिन्हासशी बोलणं मात्र बंद.

मंगळवार, ७
पाळणा घेतला. बाळ यायच्या आधी काही आणायचं नसतं, ठाऊक आहे. पण सेल होता. माझ्या दुकानात मेणबत्त्यांच्या खोक्यांमागे लपवला. संध्याकाळी बायकोला, पनिनाला दिसलाच. "अहो, स्वतःच्या नातवाला नजर लावताय?" निमूट परत करून आलो. रात्रभर धडधड. अक्षरं एकही नाही.

गुरुवार, ९
साधलं! मोबाइल बिघडला म्हणून पनिनाने पहाटेच दुरुस्तीला दिला. काल तर धड होता. असो, त्याची इच्छा. चारही अक्षरं लख्ख दिसली. पोटभर जेवलो, दुकानात मस्त ताणून दिली. पनिना मात्र सकाळपासून स्तोत्रांचं पुस्तक घट्ट धरून बसलीय. म्हटलं, "बाई गं, भरवसा कसा ठेवायचा ते जरा माझ्याकडून शिक." तिने असं काही बघितलं की बस्स! शिकायची इच्छाच नाही.

शुक्रवार, १०
मुलगा झाला! काल दुपारी. रात्री दुकानातून आलो तेव्हा पनिनाने सांगितलं. दोघं सुखरूप. ढसाढसा रडलो, खोटं कशाला बोलू.

मग कळलं, कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या. तिर्झाने फक्त आईला कळवलं. आमच्यात कळा लागल्याचं बोलत नाहीत. जितक्या लोकांना कळेल तितकी बाई अडते म्हणतात. मी तणतणलो, "मग बापाला का नाही सांगितलं?" पनिना म्हणाली, "माझ्यामुळे तासभर अडली असेल. तुम्हाला कळलं असतं तर पोर अजून आतच असतं." आणि पिठाच्या डब्यातून माझा मोबाइल काढून दिला.

लगेच तिर्झाला लावला. आवाज थकलेला, पण हसत होती. "बाबा, आईने तुम्हाला सांगितलंच असणार. तरी तुमचा एकही फोन नाही! मनात म्हटलं, बाबा एवढे शांत आहेत म्हणजे सगळं नीट होणार. खरंच, त्याच धीरावर निभावलं."

मी नुसतं "हं" म्हणालो. त्या वेळी मी दुकानात घोरत होतो, हे सांगायची हिंमत झाली नाही.